आबा नेरुरकर शार्कला भेटायला जातात

आबा नेरुरकरांच्या लक्षात माणसांची नावं राहत नाहीत, म्हणून त्यांनी अख्ख्या ब्रिस्टलला माशांची नावं देऊन टाकली आहेत. आमचा उंच, लुकडा पोस्टमन म्हणजे बोंबील. समोरच्या घरातली गोरीपान, रुंद चेहऱ्याची रिटायर्ड टीचर म्हणजे पापलेट. आमच्या दवाखान्यातला डॉक्टर कुठल्याही दुखण्यावर सरळ उत्तर देत नाही, म्हणून तो आडवा चालणारा कुर्ला, म्हणजे खेकडा. मराठी मंडळाच्या गणपतीत नव्या अध्यक्षांशी ओळख करून दिली, तेव्हा आबांनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं, हात मिळवला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पेडवो. काटे भरपूर, मांस काय नाय."

मी पुण्याचा आणि शाकाहारी. शेजारी राहायला आलो त्याच दिवशी आबांनी कुंपणावरून मुलाखत घेतली. "मासे खातंस?" नाही. "सुकट?" नाही. "निदान अंडा?" तेही नाही. आबांनी असा काही सुस्कारा सोडला, जणू मी माझा आजार सांगितला. "तू खंयच्याच जाळ्यात येणस नाय. तू वांगा," असा निकाल त्यांनी दिला. तेव्हापासून मी वांगा. माझी बायको मृदुला हे ऐकून इतकी खूश झाली की रागाच्या दिवशी तीही मला याच नावाने हाक मारते. लग्नात घेतलेलं नाव पंचवीस वर्षांत एवढ्या आवडीने तिने कधी उच्चारलेलं नाही.

आबा मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी इथे आले आणि विमानांच्या पंखांची डिझाइनं करत रिटायर झाले. आता वय पंचाहत्तरच्या पुढे, पण चालणं अजून तरातरा. इंग्लंडवर त्यांचा एकच कायमचा राग आहे: इथला मासेवाला मासा देताना त्याचं डोकं काढून टाकतो. "डोका खंय?" हा आबांचा त्या काउंटरवरचा पहिला मराठी उद्गार, आणि पुढे तो त्यांनी आयुष्यभर सगळीकडे वापरला. पंतप्रधानांचं भाषण झालं की "डोका खंय?" मंडळाचं नाटक बघून आले की "शेपूट बरी, पण डोका खंय?" माझा प्रमोशनचा अर्ज त्यांनी वाचला तेव्हा मी कान झाकून घेतले होते, पण ऐकू आलंच.

शेवटी मासेवाल्याकडून डोकी मिळवायला त्यांनी मांजर पाळलं. म्हणजे फक्त त्या दुकानापुरतं पाळलं. "फॉर माय कॅट," असं सांगून ते दर शनिवारी पिशवीभर डोकी फुकट आणतात आणि कालवण करतात. मासेवाला प्रेमळ माणूस. तो मांजराची चौकशी करायला लागला. मग मांजराला नाव आलं, वय आलं, गुडघेदुखी आली. मध्यंतरी आबा तापाने आडवे होते म्हणून डोकी आणायला मी गेलो, तर मासेवाल्याने माझ्याजवळ मांजरासाठी औषधी तेलाची बाटली पाठवली. आबांनी ती गुडघ्यांना चोळली आणि गुण आला म्हणे.

उन्हाळ्यात ते मागच्या अंगणात कपड्यांच्या गोल दांडीला मीठ लावलेले बांगडे वाळत घालतात. पापलेट टीचरने तक्रार केली, कौन्सिलचा माणूस आला. आबांनी त्याला शांतपणे सांगितलं की हे आमच्याकडचं विंड चाइम आहे. तो बिचारा नाक दाबून वाऱ्याची झुळूक येईपर्यंत उभा राहिला. झुळूक आली. आवाज काही आला नाही, वास मात्र आला. तो काहीही न लिहिता निघून गेला.

असा हा माणूस. आणि देवाची करणी बघा, त्याची एकुलती एक नात सई व्हेगन निघाली. नुसती व्हेगन नाही, तर मरीन बायॉलॉजी शिकलेली, आणि शार्क वाचवा म्हणून रस्त्यावर बोर्ड घेऊन उभी राहणारी. सई ही आबांच्या मुलीची, शुभाची मुलगी. शुभा मँचेस्टरला हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्या शिफ्ट्स सांभाळता सांभाळता सईची लहानपणची प्रत्येक सुट्टी आबांकडेच गेली. दोघांचं गूळपीठ असं की तिने मासे सोडले, तेव्हा आबांनी रागावण्याऐवजी फणसाच्या गऱ्यांना सुरमईचा मसाला लावून बघितला. "दिसता सुरमईसारखी, चावता फणस. माणसातसुद्धा असतत असे," म्हणाले, आणि दोघांनी मिळून ते संपवलं.

मग यंदाच्या वसंतात घोटाळा झाला. सईचं आमच्याच भागातल्या कम्युनिटी हॉलमध्ये शार्कवर भाषण होतं. आबांना मीच गाडीतून घेऊन गेलो. पोरगी बोलली सुरेख. हॉल भरलेला, मागे माणसं उभी. शेवटी प्रश्न विचारा म्हणाली, आणि आबांचा हात वर गेला.

आबा उभे राहिले, घसा खाकरला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "धिस गर्ल इज मेड ऑफ शार्क." हॉलभर हशा. आबांना चेव चढला. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे लहान शार्क, खायला घालतात. सईच्या आईने महिनाभर ती खाल्ली, तेव्हा कुठे ही एवढी झाली, असं त्यांनी सांगितलं. इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण पुढे त्यांनी रेसिपी सांगितली. मोरी गरम पाण्यात घालून कातडं कसं खरवडायचं, खोबरं किती काळं भाजायचं, सगळं साग्रसंगीत. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कोकम कुठे मिळतं असंही विचारलं. शार्क वाचवायला जमलेली शंभरेक माणसं पोट धरून हसत होती, आणि स्टेजवर सई लालबुंद होऊन नुसती उभी होती.

दारात ती आबांना एवढंच म्हणाली, "आबा, यू मेड मी अ जोक." त्यानंतर तिने फोन उचलणं बंद केलं.

आठवडे गेले, महिने गेले. आबा आधी नेटवर्कला शिव्या द्यायचे. मग फोनला. मग एका संध्याकाळी कुंपणाशी आले आणि कुणालाच शिव्या न देता उभे राहिले. सईला न्यूझीलंडला नोकरी लागली होती. उन्हाळा संपला की जाणार, आणि निदान काही वर्षं तरी परत येणार नव्हती. हेसुद्धा त्यांना शुभाकडून कळलं होतं. "माझा वय बघ, वांग्या," ते म्हणाले. "जावंच्या आधी एकदा घराकडे जेवाक येवंदे. माका दुसरा काय एक नको." एवढं बोलून ते आत गेले. त्या दिवशी त्यांच्या घरातून फोडणीचा वास आला नाही. मृदुलाने दोनदा खिडकीतून डोकावून बघितलं आणि शेवटी आमटी-भात घेऊन गेली.

पुढच्याच आठवड्यात स्वारी सकाळी सकाळी दारात हजर, चेहरा बदमाश. "शुक्रवारी सुट्टी घे. आपण कॉर्नवॉलाक जातंव."

"कशाला?"

"शार्क बघूक. पिंजऱ्यात बसान."

सई उन्हाळाभर कॉर्नवॉलमधल्या एका बोटीवर गाइड होती. ही बोट हौशी लोकांना खोल समुद्रात नेते, तिथे एक लोखंडी पिंजरा पाण्यात सोडते, आणि आपण मास्क लावून त्या पिंजऱ्यात उतरलो की बाहेरून शार्क येऊन आपल्याला बघून जातात. प्राणिसंग्रहालयाच्या अगदी उलट. यासाठी लोक स्वतः पैसे भरतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि आबांनी ते माझ्या नावाने भरले होते.

"माझ्या नावाने का?"

"माझा नाव बघल्यान तर ता चेडू बोट फ्रान्साक घेऊन जायत."

"आबा, मला धड पोहता येत नाही."

"पोहूचा नाय. लटकूचा."

मी मृदुलाकडे पाहिलं. संसारात अशा वेळी बायकोने आडवं यावं अशी नवऱ्याची माफक अपेक्षा असते. मृदुला म्हणाली, "जा की. इतक्या वर्षांत कुणीतरी तुमच्याकडे भुकेल्या नजरेने बघेल."

शुक्रवारी पहाटे निघालो. आबा गाडीत बसले ते नवी टोपी, इस्त्रीचा शर्ट आणि मांडीवर खाणं गार ठेवायची रिकामी पिशवी घेऊन. पिशवी कशाला, विचारलं तर "असू दे" म्हणाले. मोटरवेवर ते सबंध वेळ सईला काय बोलायचं याची तालीम करत होते. मी सई, ते आबा. "सई, माका तुका सांगूचा होता..." इथपर्यंत यायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. एक्सेटरच्या पुढे माझा धीर सुटला. मी म्हणालो, "आबा, 'सॉरी' म्हणा ना सरळ. दोन अक्षरं आहेत." आबांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मग म्हणाले, "सॉरी साहेबाची. धक्को लागलो तरी सॉरी, शिंक इली तरी सॉरी. त्यात काय जीव आसा?"

बंदर छोटंसं होतं. बोटीच्या फळीपाशी सई हातात यादी घेऊन उभी, उन्हाने रापलेली, केसांची वेणी. "मिस्टर जोशी, पार्टी ऑफ टू?" तिने मान वर केली आणि माझ्या मागे टोपी दिसली. पोरीचा चेहरा आधी उजळला, हे मी शपथेवर सांगतो. मग तिला आठवलं की आपण रागावलोय.

"काका, तुम्हीसुद्धा?" मला म्हणाली. मी माझ्या बुटांकडे बघितलं. मग आबांकडे वळून एकदम गाइडच्या आवाजात, "वेलकम अबोर्ड, मिस्टर नेरुरकर. माइंड द स्टेप."

आबांनी फळी ओलांडली. "मिस्टर," ते पुटपुटले. "बरा आसा. निदान नाव तरी घेतल्यान."

बोटीवर आणखी एक जोडपं होतं, मँचेस्टरचं, नुकतंच लग्न झालेलं, सारखं एकमेकांना चिकटलेलं. आबांनी त्यांना मांदेली म्हणून टाकलं. दाढीवाला, धिप्पाड कप्तान रावस ठरला. आबांच्या शब्दकोशात याच्यावर पदवी नाही. किनारा मागे पडला, लाटा मोठ्या झाल्या, आणि सईने कसं वागायचं ते समजावून सांगितलं. हात पिंजऱ्याबाहेर काढायचे नाहीत. चमकणारं काही अंगावर ठेवायचं नाही. खाण्याची कुठलीही वस्तू पाण्यात न्यायची नाही. हे तिने आमच्याकडे बघून दोनदा सांगितलं. माझं लक्ष नव्हतं, कारण मी बोटीच्या काठावरून वाकून नाश्ता समुद्राला परत करत होतो.

मान वर केली तेव्हा आबांचा आवाज चढलेला होता. शार्कना बोलवायला आमिष लागतं. त्यासाठी सईने एक मोठी बादली काढली होती, आणि बादलीत काठोकाठ बांगडे. ताजे, निळे-हिरवे, लखलखीत बांगडे. रावस ते एकेक उचलून, चेचून, जाळीच्या पोत्यात भरत होता.

"अरे, अरे, अरे!" आबा ओरडले. "बांगडे चेचतंस? डोक्यासकट?" आयुष्यभर ज्या देशाने त्यांना मुंडकं छाटलेला मासा विकला, त्या देशात एवढे अख्खे बांगडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिले होते, आणि ते माणसाच्या ताटात जाणार नव्हते. "बघ, डोळे बघ. कल्ले लाल! एक तरी तव्यार टाकलंय आसतंय..."

"इट्स फॉर द शार्क्स, मिस्टर नेरुरकर," सई म्हणाली.

"शार्काक लाड, आणि आजोबाक मिस्टर," आबा मला म्हणाले, आणि गप्प झाले. आबा मासे समोर असताना गप्प बसले, यातच मी काय ते ओळखायला हवं होतं. पण माझं पोट तेव्हा माझ्या ताब्यात नव्हतं.

आमिषाचं पोतं बोटीमागे लोंबत राहिलं, तेलाचा तवंग लांबवर पसरला, आणि आम्ही वाट बघत बसलो. आबा तीनदा उठून सईजवळ गेले. एकदा वेळ विचारून आले, एकदा हवा कशी आहे ते विचारून आले, तिसऱ्यांदा नुसतेच परत आले. "वांग्या, माझ्या तोंडात शब्द येणत नाय रे," ते म्हणाले. विमानांच्या पंखांवरून मोठमोठ्या साहेबांशी भांडलेला माणूस, पण नातीला नुसती वेळ विचारून परत येत होता. मला खरंच वाईट वाटलं.

एवढ्यात रावस ओरडला. पाण्याखालून एक निळी लांब सावली सरकत आली. मग दुसरी. मांदेली पिंजऱ्यात उतरली, किंचाळली, हसली, वर येऊन मुके घेऊन मोकळी झाली. आता आमची पाळी. मला त्या रबरी सूटमध्ये घालणं म्हणजे ढेकळं भरलेलं पोतं पुन्हा भरण्यासारखं होतं. सई माझी चेन ओढत असताना आबा पाठमोरे उभे राहून आपला सूट चढवत होते. मदतीला "नको, नको" म्हणाले. छाती जरा पुढे आल्यासारखी वाटली, पण म्हटलं, नातीसमोर ऐट करतायत.

पाणी असं गार की मला सगळी स्तोत्रं एका दमात आठवली. पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात मी, दुसऱ्यात आबा. आणि मग तो आला. आबा-मी मिळून होऊ त्याहून लांब, वरून गर्द निळा, खालून पांढरा, आणि डोळा तर केवढा, काळाभोर. खोटं कशाला सांगू, देखणा होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. शाकाहाऱ्याचं मांस त्यालाही बेचव वाटत असावं. तो थेट आबांसमोर गेला आणि त्याने गजांना नाक लावलं.

आबा मागे सरकले. शार्क वळसा घालून मागच्या बाजूला आला. आबा माझ्या कोपऱ्यात आले. शार्क माझ्या कोपऱ्यात आला. दुसराही आला. दोघे मिळून आबांच्या छातीच्या उंचीवर गजांना टकरा द्यायला लागले. मला वाटलं, झालं! या माणसाने वेंगुर्ल्यापासून ब्रिस्टलपर्यंत यांचे जेवढे भाऊबंद खाल्लेत, त्यांचा जाब विचारायला आज सगळं खानदान आलंय, आणि मी फुकटचा साक्षीदार. आणि अशा वेळी आबांनी काय करावं? गज सोडून दिले, दोन्ही हात जोडले, आणि त्या शार्कला नमस्कार केला. चांगला डोकं वाकवून, देवळात करतात तसा.

वरून सईचा हात आला. "आउट! आबा, आउट, नाऊ!" मिस्टर वगैरे सगळं गळून पडलं होतं. रावसने आबांना काखेत धरून वर ओढलं, मागोमाग मला. सईने आबांना फळीवर बसवलं, हात-पाय-बोटं चाचपून बघितली. तिचा चेहरा पांढराफटक. "तुला लागला कुठे? ते असं कधीच करत नाही! दे नेव्हर डू धिस!" असं म्हणत तिने आबांच्या सूटची मानेजवळची चेन खाली ओढली, आणि पुढून गळ्यातून एक शेपूट वर आली.

सईने दोन बोटांनी ती शेपूट धरली आणि ओढली. अख्खा बांगडा निघाला. डोक्यासकट.

"वाया जाय होतो," आबा हळूच म्हणाले. "पिशयेत टाकूचो होतो. पण तू मधे उभी होतंस, आणि तेवढ्यात माझो नंबर इलो."

रावस आधी हसला. असा हसला की बोट हलली. मांदेली हसली. मीही हसलो, मला राहवेना. सई हसली नाही. तिने बांगडा समुद्रात भिरकावून दिला आणि आबांवर अशी ओरडली की मला माझी आई आठवली. "तुझा हात गेला असता! यू कुड हॅव लॉस्ट अ हँड! एका फिशसाठी? हे सगळा तुला जोक वाटते का, आबा? मी पण जोक, शार्क पण जोक?" शेवटी तिचा आवाज फाटला आणि ती केबिनमध्ये गेली. किनारा येईपर्यंत बाहेर आली नाही. आबांनी टोपी हातात घेतली आणि ती उलटसुलट करत बसले. माझं हसू कधीच जिरलं होतं. वाटलं, संपलं. आता ही पोरगी जाणार न्यूझीलंडला, आणि म्हातारा एकटाच शनिवारी मासेवाल्याला मांजराची खुशाली सांगत बसणार.

बंदरावर सगळे पांगले. आबा धक्क्याच्या दगडावर सूटमध्येच बसून होते. चेन अर्ध्यात अडकली होती आणि माझ्याने निघत नव्हती. मी दोन्ही हातांनी ओढतोय, आबा "अरे मेल्या, कातडा काढतंस काय" म्हणतायत, एवढ्यात मागून सई आली. मला बाजूला सारलं आणि एका झटक्यात चेन खाली घेतली. मग जायला वळली, आणि गेली नाही.

"तू नमस्ते का केला?" तिने विचारलं. "शार्कला. मी वरून बघितला."

गाडीतली सगळी तालीम फुकट गेली, कारण आता जे आलं ते तालमीतलं नव्हतं.

"उपकार आसत त्येचे," ते म्हणाले. "तू झालंस तेव्हा तुझी आजी जावन वर्स झाला होता. तुझो बापूस कामाक दुबईत. घरात बाईमाणूस नाय. तुझ्या आवशीक दूध येय नाय, तू रात्रंदिवस रडा होतंस, बाटली तोंडात घेय नाय. आवस रडा होती. मी दोघांकडे बघत नुसतो उभो. माका काय्येक येय नाय होता, गो. मी बाप्या माणूस. बहिणीक वेंगुर्ल्याक फोन केलंय. ती म्हणाली, मोरी घाल. मी सगळा ब्रिस्टल फिरलंय. एकाकडे गावली. तीच रांधलंय, आणि तुझ्या आवशीक भरवलंय. दोन-तीन दिसांनी तुझा पॉट भरला आणि तू झोपलंस. मी बाहेर जिन्यार बसान रडलंय." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "त्या दिवशी हॉलात तू शार्काबद्दल इतक्या बरा बोललंस. माका वाटला, उठान सांगूया, ह्या माशान आमचा घर राखल्यान. उभो रवलंय, आणि तोंडातून काय इला? रेसिपी! माका दुसरा बोलूक खंय येता? लोक हसाक लागले आणि मी गाढवासारखो फुगलंय. चुकलंय, सई. तुका हसूक म्हणान नाय उठलंय मी. तुझ्या पाया पडान सांगतंय."

सई त्यांच्या शेजारी बसली. तिला यातलं निम्मं मालवणी कळलं असेल नसेल, पण रडत होती सगळ्याचं.

"तूच सगळा केला?" तिने विचारलं. "मॉमने कधीच सांगितला नाही. मग मला आंघोळ कोण घालायचा?"

"मीच. बाथटबात पाट टाकून हाफ पँटीत बसायचंय." आणि आबांनी दाखवलंच. त्या धक्क्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गोऱ्यांसमोर, रबरी सूटमध्ये पाय लांब करून बसले. "असे पाय सोडूचे. पोराक पालथा नडग्यांर घालूचा. तेल आधीच लावलेला. मगे पाठीर कोमट पाणी. तू बेडकासारखी हात-पाय मारायचंस, निसटायचंस. माझी मेल्याची कंबर मोडान जायची."

"शो मी," सई म्हणाली. मला वाटलं, काही वस्तू ठेवून दाखव म्हणतेय. पण एवढी मोठी, बोटी हाकणारी पोरगी आडवी झाली आणि तिने आपलं डोकं त्या ओल्या रबरी नडग्यांवर टेकवलं. मी समुद्राकडे बघायला लागलो. मला काही दिसत नव्हतं, पण बघत होतो.

कॉर्नवॉलच्या हवेचा भरवसा नसतोच. बारीक भुरभुर सुरू झाली. आबांचा एक हात आपसूक पुढे आला, आणि पाणी जाऊ नये म्हणून त्यांनी सईच्या कानावर तळवा धरला.

ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग डोळे न उघडता म्हणाली, "आबा, संडेला येते मी. काय करशील जेवायला?"

"तू सांगशीत ता," आबा म्हणाले.